भिंतीकडे तोंड

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऑक्सिजनचा सिलिंडर परत नेला. दोन माणसं आली. एकाने सिलिंडर खांद्यावर घेतला, दुसऱ्याने नळ्या गुंडाळल्या, आणि बघता बघता समोरची खोली, भिंतीकडचा पलंग सोडला तर, पुन्हा बसायची खोली झाली. ते गेल्यावर मी मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरून पाहिले. कुठेच लागले नाहीत. तोंडातून आपसूक निघालं, "प्रभू, सुटलो." मग विचार पडला, सुटलो म्हणजे कोण? हे सुटले, की मी?

हे जाऊन दीडेक महिना होईल. खरं सांगायचं तर मला बरं वाटतंय. भूक लागते. सकाळी उन्हं पायांवर येईपर्यंत झोपते. घशाच्या कॅन्सरचं माणूस घरात असलं की घरातले सगळे आवाज त्या एका श्वासाला बांधलेले असतात. आता किटलीची वाफसुद्धा निवांत निघते असं वाटतं. आणि हे बरं वाटणं कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

शाळेत सिस्टर आम्हाला रोज चार ओळी लिहायला लावायच्या. "दिवस देवाला परत करण्याआधी त्यावर आपलं नाव टाका," म्हणायच्या. मधली कितीतरी वर्षं माझे दिवस नाव न टाकताच परत गेले. आजपासून पुन्हा.

दुपारी वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, मागच्या गल्लीत एकट्याच राहतात. "गाळणी दे, वहिनी, माझी मोडली." परवा सुई हवी होती, त्याआधी कात्री. एवढ्या टापटिपीच्या बाईच्या घरात काहीच कसं धड उरलं नाही, कोण जाणे. दोन तास बसल्या, चहा घेतला, माझ्या पडद्यांना नावं ठेवली आणि गाळणी इथेच विसरून गेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेले. सवयीने उजवीकडच्या बाकांवर जाऊन बसले. लग्नापासून आम्ही डावीकडे बसायचो, खिडकीजवळ. गेल्या वर्षी ह्यांनी अचानक हट्ट धरला की बाजू बदलायची. "तिकडे पंख्याचा वारा मानेला लागतो." मला काही तिथे वारा जाणवला नव्हता, पण रेडिएशन घेतलेली मान त्यांची होती, माझी नव्हती.

तेव्हापासून रस्त्यानेही माझ्या उजव्या हाताला चालायचे. आधी कसे, वाहनांच्या बाजूला नेहमी स्वतः आणि आतल्या बाजूला मी. शेवटच्या वर्षात मला खुशाल वाहनांच्या बाजूला ठेवून चालायचे. मी थट्टेत म्हटलंही, "म्हणजे आता मी गेले तरी चालेल वाटतं?" तर नुसते हसले. आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं.

बाहेर पडताना पाळकसाहेब भेटले. त्यांना मी बालवर्गात मुळाक्षरं शिकवली आहेत. तेव्हा त्यांचं नाक सतत वाहत असायचं. आता झगा घालून वेदीसमोर उभे राहिले की भारदस्त दिसतात, पण मला अजून 'बाई'च म्हणतात.

"बाई, दगडाचं काय ठरलं? कारागीर विचारत होता."

आमच्या मंडळीत सगळ्यांच्या दगडावर एकच मजकूर असतो. नाव, जन्म, मृत्यू आणि खाली 'प्रभूमध्ये निजला'. त्यात ठरवण्यासारखं काही नाही. तरी मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

"घाई नाही, बाई."

घाई नाही, हे खरं. पण ती खालची ओळ खरी आहे का, ते मला माहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल पुढे लिहवेना. आज लिहिते.

शेवटचा महिना ह्यांचा पलंग समोरच्या खोलीत, भिंतीला लावून होता. मी अलीकडे खुर्ची टाकून बसायची. ह्यांचा आवाज पार गेला होता. मी काही सांगायला लागले की माझ्याकडे वळून टक लावून बघायचे. डोळे तोंडावरून हलायचे नाहीत, इतके की मला या वयात नव्या नवरीसारखी लाज वाटायची. लेकीच्या घरच्या गमती, शेजारच्या नळाची भांडणं, सगळं असं तोंडाकडे बघत ऐकायचे. पण संध्याकाळी मी पवित्र शास्त्र उघडलं, मान खाली घालून वाचायला लागले, की ह्यांचं तोंड भिंतीकडे. एखाद्या दिवशी नाही, रोज.

आणि थोडं वाचून झालं की बोटाने भिंतीवर टकटक करायचे. पुरे, म्हणून. मी तिथल्या तिथे थांबायची. मग जराशाने परत टकटक. त्यांना वाटत असेल मी अजून मनातल्या मनात वाचतेय, म्हणून मी सांगायची, "नाही वाचत हो. मिटलं पुस्तक."

पाळकसाहेब प्रार्थनेला येत, त्यांच्यासमोरही तेच. ते डोळे मिटून प्रार्थना करताहेत आणि हे पाठ करून पडलेत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आवाज जाण्याआधी, हॉस्पिटलातून आणताना, गाडीत एकच वाक्य बोलले होते. "त्याला सांग, आता बस कर." तो म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. ज्या माणसाने हात जोडल्याशिवाय कधी घास उचलला नाही, तो असं बोलला.

माझा विश्वास ढळलेला नाही. मी रोज गुडघे टेकते आणि ज्याच्याशी बोलते तो तिथे असतो. पण हे रुसून गेले असतील तर? जन्मभर धरलेला हात अगदी दारात सोडला असेल तर? मग मी कोणत्या तोंडाने कोरून घेऊ की हे प्रभूमध्ये निजले? फळ्यावर चुकलं तर पुसता येतं. दगडावर नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दगड कोरणाऱ्याकडे जाऊन आले. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालतं. त्याच्या भुवया, मिशा, अंगातला बनियन, सगळं पिठात बुडवून काढल्यासारखं पांढरं. भिंतीला टेकवून सात-आठ दगड उभे होते. वर कोरे, खाली मात्र सगळ्यांवर ती ओळ आधीच कोरलेली.

"हे कुणाचे?"

"अजून कुणाचे नाहीत, काकू. काम नसलं की मी खालची ओळ कोरून ठेवतो. ती सगळ्यांना लागतेच. नाव आलं की नाव टाकायचं."

म्हणजे बिननावाची सात-आठ माणसं आधीच प्रभूमध्ये निजलेली. मला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं.

"यातला एक काढून ठेवू ना काकांसाठी?"

"नको. पूर्ण कोरा असेल तो द्या."

"म्हणजे वेगळं वचन घालायचंय?"

"अजून ठरलं नाही."

त्याने छिन्नी कानामागे खोचली. "काकांनी माझ्या पोराच्या लग्नात चर्चची बाजाची पेटी ऐनवेळी सुरू करून दिली होती. दगड चांगला देतो, काळजी करू नका. ओळीचं तुमचं तुम्ही बघा."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. तिला दगडाचं वन्संनी कळवलं असणार.

"आई, दोन शब्दांसाठी एवढं काय अडलंय?"

"अडलं काही नाही."

"बाबांना काय परीक्षेला बसवलंयस का? पास झाले की ओळ देणार?"

तिला काय सांगू? तिच्यासमोर हे कधी भिंतीकडे वळले नाहीत. ती यायची तेव्हा घरभर गप्पा असायच्या, शास्त्र उघडायला वेळच मिळायचा नाही. तिच्या मनातले बाबा आहेत तसे राहू देत.

"बरं, जेवतेस ना नीट?" तिने विचारलं.

"जेवते. फार नीट जेवते."

"मग आवाज असा का?"

"तोंडात घास आहे," मी म्हटलं. होताही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वन्सं आल्या. आज बटणं हवी होती. मी मनाचा हिय्या केला आणि त्यांना विचारलं, "शेवटी हे भिंतीकडे तोंड करून पडायचे, ते तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं तर. लहानपणापासून तसाच. रुसला की भिंतीकडे तोंड. आई म्हणायची, याला भिंतीशी लग्न लावून द्या."

"मग रुसले होते, म्हणता?"

"एवढं दुखणं तुला झालं असतं तर तू काय नाचली असतीस?" वन्सं बटणांचा डबा ढवळत होत्या. खूप वेळ ढवळत होत्या. "मी असते तर देवाला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. तो बिचारा गप्प राहून रुसला. रुसू दे की."

बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वन्संनी हव्या त्या रंगाचं एकही बटण नेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पाळकसाहेबांना घरी बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, मला वाटलं होतं ते माझ्यावर रागावलेत. मी प्रार्थना लांबवतो, असं मंडळीत सगळेच म्हणतात."

"तुमच्यावर नाही हो."

"शेवटी पुष्कळ जण रुसतात. देव तेवढ्यावरून कुणाला दारातून परत पाठवत नाही."

"हे मीच तुम्हाला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं."

"म्हणूनच पाठ आहे." ते हसले, मग गंभीर झाले. "मग ओळ कोरायला हरकत काय?"

"तो दया करतो, हे मला माहीत आहे. पण हे त्याच्याजवळ होते की नव्हते, ते मला माहीत नाही. मला दयेची खात्री नकोय, ती आहे. मला माझ्या माणसाची खात्री हवीय."

त्यांनी उत्तर सुचल्यासारखं दाखवलं नाही. याबद्दल आज त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मागची खोली आवरायला घेतली. ह्यांचं कामाचं टेबल तिथेच आहे. पियानोच्या तारा आवळायची किल्ली, तारांमध्ये घालायच्या रबरी पाचरी, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या. खोलीला अजून सरसाचा वास येतो. हे पियानो आणि ऑर्गन दुरुस्त करायचे. गावोगावची चर्चं, शाळा, दोन-चार हौशी घरं. मी कधी बरोबर गेले नाही. माझी शाळा आणि ह्यांचं काम एकाच वेळी चालायचं.

टेबलाच्या खणात एक बिस्किटांचा डबा निघाला. आत मऊ कपड्यात एकेक करून गुंडाळलेले पितळी सूर. सूर म्हणजे बोटभर लांबीचे तुकडे. ऑर्गनच्या आत ओळीने बसवलेले असतात, त्यांच्यावरून हवा गेली की आवाज निघतो. डब्यावर ह्यांच्या अक्षरात मी लहानपणी शिकले त्या शाळेचं नाव. सिस्टरांच्या प्रार्थनागृहातला ऑर्गन. गेल्या वर्षी साफ करायला आणलेले, परत द्यायचे राहून गेलेले. सगळे घासून लख्ख केले होते.

बुधवारी नेऊन देते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

किती वर्षांनी त्या फाटकातून आत गेले. फरशीला तोच मेणाचा वास. जिन्याच्या कठड्यावरून घसरले म्हणून जिथे मला उभं केलं होतं, तो कोपराही तसाच, फक्त मला वाटत होता त्याच्या निम्मा.

संगीताच्या सिस्टर अजून आहेत. मला शिकवत होत्या तेव्हा तरुण असणार, आम्हाला त्या म्हाताऱ्याच वाटायच्या. आता खरंच म्हाताऱ्या आहेत आणि पूर्वीपेक्षा खट्याळ. मला बघताच म्हणाल्या, "आली माझी मैना. सूर कधी लागला नाही, पण वाचायला उभी केली की सगळा वर्ग गप्प."

डबा उघडून त्यांनी एकेक सूर हातात घेऊन पाहिला. "त्याच्या हातचं शेवटचं काम." त्यांनी बाह्या वर सरकवल्या. मग म्हणाल्या, "चल, बसवून टाकू. मागची फळी काढून आकडीने सरकवायचे, एवढंच असतं. मला त्याने शिकवलंय. मी मागे बसते, तू पुढे बसून भाता मार आणि पट्ट्या दाब. तुला काय सांगायचं, तू तर त्याच्याच घरची."

मी बसले. पायांनी भाता मारायला लागले. दिसते त्यापेक्षा दमछाक होते. डावीकडची पहिली पट्टी दाबली, ऑर्गन घुमला. मागून लाकडावर टकटक झाली. मी हात उचलला, पायही थांबवले.

शांतता. परत टकटक.

"थांबलेय, सिस्टर," मी म्हटलं.

"का थांबलीस?"

"तुम्ही टकटक केलीत म्हणून."

"म्हणून तर वाजवायचं. दोनदा ठोकलं की पुन्हा. एकदा ठोकलं की पुढचा. नवऱ्याने एवढंही शिकवलं नाही?"

मी विचारलं, "दोनदा म्हणजे पुरे, असं नाही?"

"पुरे सांगायला कशाला ठोकायचं? पुरे झालं की माणूस उठून बाहेर येतो." ऑर्गनच्या मागून त्यांचं डोकं वर आलं. "हा मागे, मी पुढे, मध्ये भात्याचा आवाज. ओरडून काही कळायचं नाही. म्हणून त्याने ही खूण काढली. किती वर्षं आम्ही असंच काम केलं. नंतर नंतर तर त्याच्या बोटाला इतकी सवय झाली होती की जेवतानाही काही परत हवं असलं तर टेबलावर दोनदा ठोकायचा. आमच्या स्वयंपाकाच्या सिस्टर चिडायच्या."

मी पट्टीवर बोट ठेवून तशीच बसले होते. सिस्टरांना वाटलं मला हवा भरता येत नाही.

"गेल्या वर्षी आला तेव्हा मागे वाकायची ताकद नव्हती त्याला," त्या सांगत राहिल्या. "पुढेच स्टुलावर बसला. पण ऑर्गनकडे बघेना, डावा खांदा तिकडे आणि तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, माझं वाजवणं इतकं वाईट आहे का रे? तर म्हणाला, सिस्टर, उजवा कान रेडिएशनमध्ये गेला. डावा तेवढा उरलाय. काही नीट ऐकायचं असलं की असं बसावं लागतं."

"मला नाही बोलले."

"ठाऊक आहे. तुला सांगू नका म्हणाला होता. मी शब्द पाळला. पण आता त्याचं माझ्याकडे काही राहिलंय असं वाटत नाही."

"का सांगायचं नव्हतं? काम जाईल म्हणून?"

"छे. म्हणाला, तिला कळलं तर ती मोठ्याने बोलायला लागेल. तिचा आवाज मला आहे तसाच हवा."

सिस्टर परत खाली बसल्या. मागून त्यांचा आवाज आला, "मैने, भाता मार. सगळी हवा गेली."

मी भाता मारला. शेवटचा सूर बसेपर्यंत मारत राहिले. गुडघे आत्ता ठणकताहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठल्या उठल्या समोरच्या खोलीत गेले आणि त्या पलंगावर आडवी झाले. खुर्चीकडे तोंड केलं. डावा कान उशीत बुडाला, उजवा वर. मग भिंतीकडे वळले. डावा कान वर आला, खुर्चीत वाचायला बसलेल्या माझ्या अगदी तोंडासमोर.

एवढं सोपं होतं. बोलताना माझ्याकडे बघायचे ते ओठ वाचायला. वाचताना माझी मान खाली, ओठ दिसायचे नाहीत, म्हणून उरलेला कान माझ्याकडे करायचे. जे बघून कळत होतं ते बघून घेतलं, आणि तो एक कान शास्त्रासाठी राखून ठेवला. आणि रस्त्यावर बाजू बदलली, चर्चमध्ये बाक बदललं. मी काय, पंख्याचा वारा शोधत बसले.

तशीच पडून होते तेवढ्यात वन्सं आत आल्या. मागचं दार उघडंच होतं.

"आता तू कुणावर रुसलीस?"

मी उठून बसले आणि सगळं सांगितलं. वन्संनी मध्ये एकदाही टोकलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. सांगता सांगता मला रडू फुटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते 'पुन्हा, पुन्हा' म्हणत होते आणि मी दर वेळी पुस्तक मिटलं. वरून सांगितलंही, मिटलं म्हणून.

वन्संनी पदराने स्वतःचंच नाक पुसलं. "तो रोज मागायचा ना?"

"रोज."

"आज मिळालं नाही म्हणून उद्या मागायचं सोडलं नाही ना?"

"नाही."

"मग तो रुसलेला नव्हता. रुसला की दुसऱ्यांदा मागत नाही, हे मी सांगते. मी त्याला कडेवर खेळवलंय." त्या खुर्चीत बसल्या. "ते मेंढपाळाचं स्तोत्र वाच. अर्धवट राहिलेलं बरं नसतं."

मी वाचलं. शेवटपर्यंत. नेहमीच्या आवाजात. संपल्यावर वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं डुलकी लागली.

"हं," त्या म्हणाल्या. "परत."

मी परत वाचलं. नंतर आम्ही दोघींनी टोस्ट खाल्ले, भरपूर लोणी लावून. आज त्या काही मागायला आल्या नव्हत्या, हे त्या गेल्यावर लक्षात आलं. विसरल्या असतील.

१ मार्च, शनिवार

आज एक आठवण आली. म्हणजे होतीच, पण आज तिचं टोक सापडलं.

मी नव्याने नोकरीला लागले होते. पहिलीच्या वर्गाला लागून पियानोची खोली. मधली भिंत पातळ. मी मुलांना गोष्ट वाचून दाखवत होते, आणि दारात एक उंच माणूस आला, हातात लोखंडी किल्ली. "बाई, जरा हळू वाचता का? मी सूर लावतोय." ह्यांचे मला बोललेले पहिले शब्द. मी इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी मुलांना नुसती चित्रं काढायला दिली. तर दुपारी हेच परत दारात. "आज का नाही वाचलंत? काल त्या सशाचं पुढे काय झालं?"

मी नेहमी ही गोष्ट ह्यांच्या आगाऊपणाचा नमुना म्हणून सांगत आले. लग्नात सांगितली, लेकीला सांगितली. भिंतीच्या पलीकडे बसून ते काम सोडून ऐकत होते, ही बाजू कधी सांगितली नाही. लेकीला फोन करून सांगितली. ती म्हणाली, "आई, मला ती पहिल्यापासून तशीच कळली होती."

२ मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते बराच वेळ झग्याच्या बाहीशी चाळा करत राहिले.

"म्हणजे माझ्या प्रार्थना त्यांनी कान देऊन ऐकल्या?"

"चांगला कान देऊन."

"माझ्या प्रार्थनेनंतर कधी टकटक केली होती का हो, बाई?"

मी आठवून पाहिलं. "नाही. कधीच नाही."

"एकदा पुरली म्हणायची." आणि मंडळी बघत असतानाही ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, "आणि गाडीत ते जे बोलले होते, 'त्याला सांग, आता बस कर', ते तुम्ही इतके दिवस बंड म्हणून धरून बसलात. मला तर ती प्रार्थना वाटते. घसा चालत नव्हता, म्हणून तुमच्या हाती पाठवली."

"मी पोचवली नाही."

"त्याने तुमच्या शेजारी बसून ऐकली असेल, बाई."

वर्गात पोरगं आपल्यापेक्षा बरं उत्तर देतं तेव्हा शिक्षकाला जे वाटतं, ते मला वाटलं. उपासनेचं शेवटचं गीत आज मीही गायले होते. बेसूर. आजूबाजूच्यांनी मान वळवून पाहिलं.

५ मार्च, बुधवार

शेडमध्ये गेले. दगड कोरणारा एका देवदूताच्या पंखाला पॉलिश करत होता. बाजूच्या बाकावर एक बाई आपल्या दगडाची वाट बघत बसली होती.

"ठरली का ओळ, काकू?"

"सगळ्यांची असते तीच घाला."

"तीच?" त्याने पंखावरून हात काढला. "मग एवढे दिवस..."

"खरी आहे की नाही ते बघत होते."

"आणि?"

"खरी आहे."

त्याने वाद घातला नाही. कोरा दगड ओढून पुढे घेतला, फडक्याने पुसला, नाव आणि तारखा मला दोनदा वाचून दाखवल्या. मग जरा घुटमळला.

"एक विचारू का? राग मानू नका. पुढेमागे दोघांचा एकच दगड ठेवायचा असेल, तर दुसऱ्या नावाला जागा आत्ताच सोडावी लागते. नंतर दाटीवाटी होते."

"सोडा की. पण घाई नाही म्हणून सांगा."

"कुणाला सांगू?"

मी बोटाने वर दाखवलं. बाकावरची बाई हसली, मग तिने आम्हाला ऐकू आलंच नाही असं तोंड केलं.

"कोणत्या बाजूला सोडू? बहुतेक जण म्हणतात, कुठेही चालेल."

मला चालणार नव्हतं. मी दगडाकडे पाठ करून उभी राहिले, डोळे मिटले. डोकं दगडाशी, पाय समोर, तोंड आभाळाकडे, असे हे झोपलेले मनात पाहिले आणि डावा हात पसरून बघितला. डोळे उघडून वळले तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत होते.

"त्यांच्या डावीकडे," मी म्हटलं. "म्हणजे वाचणाऱ्याच्या उजवीकडे."

"तिकडेच का, काकू?"

"तिथून मला मोठ्याने बोलावं लागणार नाही."

त्याने मान हलवली आणि खडूने माझी जागा आखून घेतली. मी म्हटलं, थोडी ऐसपैस ठेवा.